प्रदर्शनाला चार महिने उरले असताना : 'सेव्हन इयर्स इन तिबेट'चा प्रकरण अभ्यास

मे १९९७. जाँ-जाक आनो या फ्रेंच दिग्दर्शकाच्या 'सेव्हन इयर्स इन तिबेट'चे चित्रीकरण उरकले होते. नायक ब्रॅड पिट, खर्च सुमारे ७ कोटी डॉलर, प्रदर्शन ऑक्टोबरात. गोष्ट खऱ्या माणसाची. हाइनरिख हारर हा ऑस्ट्रियन गिर्यारोहक दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या डेहराडूनच्या छावणीतून पळाला, हिमालय ओलांडून ल्हासाला पोहोचला आणि किशोरवयीन दलाई लामांचा स्नेही झाला. १९५२ साली प्रसिद्ध झालेले त्याचे आत्मकथन जगभर वाचले गेले होते. तो स्वतः तेव्हा ८४ वर्षांचा होता. आणि नेमक्या त्या मे महिन्यात 'श्टेर्न' या जर्मन साप्ताहिकाने त्याच्याविषयीची जुनी सरकारी कागदपत्रे उजेडात आणली. गेराल्ड लेनर या ऑस्ट्रियन पत्रकाराने ती शोधून काढली होती. हारर नाझी पक्षाचा सदस्य होता, आणि एस.एस.चाही, म्हणजे हिटलरच्या खास निमलष्करी दलाचाही.

चरित्रपट करणारा माणूस नायकाच्या आयुष्यातले काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे पटकथेच्या वेळीच ठरवून मोकळा होतो. इथे पटकथा झाली, चित्रीकरण झाले, आणि मग नायकाने जवळपास साठ वर्षे सांगितलीच नव्हती अशी गोष्ट संकलनाच्या टेबलावर येऊन पडली. त्यावर चित्रपटकर्त्यांनी काय केले आणि त्याने चित्रपटाचे काय झाले, हे मला इथे तपासायचे आहे. हा चित्रपट मला आवडतो, म्हणूनच त्याचा हा भाग सोडून देता येत नाही. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी लागतील ते प्रसंग सांगत जाईन.

कागदांत काय होते

मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. १ एप्रिलला हारर एस.एस.मध्ये दाखल झाला आणि १ मे रोजी पक्षात. त्याच वर्षीच्या जुलैत त्याने हेकमायर, फ्योर्ग आणि कास्पारेक यांच्याबरोबर स्वित्झर्लंडमधल्या आयगर शिखराची उत्तर भिंत सर केली. तोवर ती कोणालाच जमली नव्हती आणि तिने अनेकांचे जीव घेतले होते. दोन जर्मन आणि दोन ऑस्ट्रियन एका दोरावर चढून वर गेले, ही बातमी नाझी प्रचारखात्याला आयतीच मिळाली. ब्रेस्लाउच्या क्रीडामहोत्सवात चौघांना हिटलरच्या शेजारी उभे करून छायाचित्र काढण्यात आले. डिसेंबरात हाररचे लोटे वेगेनरशी लग्न झाले. भूखंड सरकतात असे मांडणारे शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांची ही मुलगी. हिमालय का उभा राहिला याचे उत्तर ज्या विचारातून पुढे निघाले, तो मांडणाऱ्याचा जावई पुढे त्याच हिमालयात अडकला, हे मला नेहमी विलक्षण वाटत आले आहे.

एस.एस.च्या माणसाला लग्नासाठी वरिष्ठांची परवानगी लागे. त्या अर्जाच्या कागदांत हाररने स्वतःच्या हाताने लिहिले होते, की ऑक्टोबर १९३३ पासून आपण एस.ए.मध्ये, म्हणजे नाझींच्या तपकिरी सदरेवाल्या दलात, होतो. त्या काळात नाझी चळवळीवर ऑस्ट्रियात बंदी होती. म्हणजे ही नोंद खरी असेल तर वाऱ्याची दिशा पाहून १९३८ मध्ये पक्षात शिरलेल्या हजारोंपैकी हा एक नव्हता. धोका पत्करून आधीपासून आत असलेला होता.

हाररने उत्तर दिले. १९३३ ची नोंद खोटी, लग्नाचा अर्ज मंजूर व्हावा म्हणून मारलेली बढाई होती. एस.एस.चा गणवेश आपण एकदाच घातला, लग्नाच्या दिवशी. स्वतःच्या डोक्याने विचार करायला शिकलो नव्हतो त्या वयातली ती चूक होती. नाझी गुन्हेगारांचा जन्मभर माग काढणारे सायमन विझेंथाल यांची त्याने भेट घेतली, आणि हाररचा कुठल्याही गुन्ह्यात हात नव्हता हे विझेंथाल यांनी मान्य केले. ते पटण्यासारखे आहे, कारण सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटले तेव्हापासून हा माणूस ब्रिटिशांच्या ताब्यात होता आणि पुढे तिबेटात. युरोपात जे घडले त्याला तो हजरच नव्हता.

तेव्हा माझा आक्षेप गुन्ह्याबद्दल नाही, मौनाबद्दल आहे. तिबेटी माणसांच्या प्रामाणिकपणाबद्दल, करुणेबद्दल त्याने भरभरून लिहिले. स्वतः कुठून, काय मागे टाकून आलो याबद्दल लिहिले नाही. पक्ष नाही, एस.एस. नाही, बायको आणि मुलगाही जवळजवळ नाहीतच.

नगर, देवळाली, डेहराडून

हारर हिमालयात पोहोचला तो पेटर आउफश्नायटर याच्या नेतृत्वाखालच्या एका छोट्या जर्मन मोहिमेतून. ल्युट्स चिकन आणि हान्स लोबेनहोफर हे बाकीचे दोघे. काम होते नंगा पर्वताच्या दिआमीर बाजूने वाट शोधण्याचे, कारण दुसऱ्या बाजूने १९३४ आणि १९३७ अशा दोन मोहिमांत २६ माणसे गेली होती. परतीच्या जहाजाची कराचीत वाट पाहत असताना युद्ध सुरू झाले आणि चौघे शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून पकडले गेले.

चित्रपटात त्यानंतर थेट डेहराडून येते. प्रत्यक्षात त्यांना आधी अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, आणण्यात आले आणि मग देवळालीला. नगरला असताना त्यांचा डोळा गोव्यावर होता. पोर्तुगाल युद्धात तटस्थ होता, त्यामुळे हद्द ओलांडली की सुटका. देवळालीकडे ट्रकमधून नेत असताना हारर आणि लोबेनहोफर यांनी उडी मारून पळायचा प्रयत्नही केला. तो फसला. नगरच्या किल्ल्यात १९४२ पासून नेहरू आणि काँग्रेस कार्यकारिणी कैदेत होती हे आपल्याला पाठ असते. त्याच गावात तीन वर्षे आधी तारेच्या कुंपणाआड बसून काही जर्मन-ऑस्ट्रियन गिर्यारोहक गोव्याची वाट मोजत होते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. गोवा जमला असता तर हे पुस्तकही नसते आणि हा चित्रपटही नसता.

डेहराडूनला हजारभर कैदी होते. हाररने तिथून अनेकदा पळ काढला आणि पकडला गेला. अखेर २९ एप्रिल १९४४ ला सात जण भर दिवसा फाटकातून चालत बाहेर पडले. दोघे ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या वेशात, बाकीचे काटेरी तारेची दुरुस्ती करणारे हिंदी मजूर बनून. ते दोन 'अधिकारी' आगगाडीने कलकत्त्याला आणि तिथून ब्रह्मदेशात जपान्यांकडे पोहोचले. बाकीचे उत्तरेला निघाले. वाटेत एकेक जण गळत गेला आणि शेवटी उरले हारर आणि आउफश्नायटर. कैलासाच्या परिसरातून, क्यिरोंगमधून, भर थंडीत चांगथांगचे ओसाड पठार तुडवत ते १५ जानेवारी १९४६ ला ल्हासाला पोहोचले. वीस महिन्यांची पायपीट. त्यांना तिबेटात राहायची परवानगी नव्हती. हद्दीवरच्या प्रत्येक अधिकाऱ्याने नियमाप्रमाणे त्यांना परत जायला सांगितले आणि बहुतेकांनी जेवूही घातले.

पटकथेने काय रचले होते

आता पटकथालेखिका बेकी जॉन्स्टन यांच्या जागी बसून पाहा. मूळ पुस्तक निरीक्षणांनी भरलेले आहे. सण कसे होतात, घरे कशी बांधतात, प्रधान कसे वागतात, चहा कसा करतात, सगळे आहे. नाही ते लिहिणाऱ्याचे मन. सुरुवातीचा हारर आणि शेवटचा हारर यांत फरक काय, हे पुस्तक सांगत नाही. पण दोन तास सोळा मिनिटांच्या चित्रपटाला, त्यातून तो ब्रॅड पिटचा असेल तर, बदलणारा नायक लागतो. बदलायचे तर आधी काहीतरी दोष हवा, मनावर ओझे हवे.

ते ओझे त्यांनी मुलाच्या रूपाने दिले. चित्रपटातला हारर गरोदर बायकोला स्टेशनवर सोडून, तिच्याशी भांडून, मोहिमेला जातो. छावणीत त्याला घटस्फोटाचे कागद मिळतात. न पाहिलेल्या मुलाला तो पत्रे लिहीत राहतो आणि मुलगा उलट लिहितो, की मला पत्रे पाठवू नका. ल्हासातला लहानगा दलाई लामा त्याला त्या मुलाच्या जागी भेटतो. शेवटी हारर घरी परततो, मुलाजवळ वाजणारी पेटी ठेवतो, आणि शेवटच्या दृश्यात बापलेक डोंगरावर चढताना दिसतात.

याला पाया आहे. हाररच्या मुलाचा जन्म डिसेंबर १९३९ मधला, बाप कैदेत असतानाचा; घटस्फोट १९४३ चा. पण या दोन तथ्यांवर उभारलेली पश्चात्तापाची सगळी इमारत पटकथेची आहे. बायको आणि मुलगा दोघांची नावेही बदललेली आहेत. यात मला गैर वाटत नाही. जिथे माणूस गप्प आहे तिथे कलाकाराने काहीतरी कल्पावे लागते, आणि बापाला न भेटलेला मुलगा व वडिलांवाचून वाढलेला बालराजा यांची सांगड घालणे हे चांगल्या कारागिराचे काम आहे.

पण मे १९९७ मध्ये कळले, की गप्प राहण्याचे खरे कारण वेगळ्याच खोलीत होते.

चार महिन्यांत काय केले

इतक्या उशिरा नवे चित्रीकरण करणे जवळपास अशक्य. हाती उरते ते संकलन आणि निवेदन. आनोने निवेदनाचा आधार घेतला. प्रदर्शित झालेल्या चित्रपटात हाररचा नाझी भूतकाळ दोन ठिकाणी दिसतो. सुरुवातीला स्टेशनवर एक अधिकारी हाररला पक्षाचा मान्यवर सदस्य म्हणून संबोधतो आणि शिखरावर रोवायला ध्वज देतो. हारर तो अनिच्छेने घेतो. आणि बऱ्याच नंतर, चीनचे सैन्य तिबेटच्या दाराशी आले असताना, हाररच्या आवाजात कबुली येते, की आपणही एकेकाळी हेच विचार उराशी धरले होते आणि ते आठवून आता अंगावर काटा येतो.

आनोच्या बाजूने बोलायचे तर त्याला हे दाबून टाकता आले असते. कागद जर्मनीत छापून आले होते. अमेरिकेतल्या आणि आशियातल्या बहुतेक प्रेक्षकांना त्यांचा पत्ताही लागला नसता. त्याने दाबले नाही. नायकाच्या तोंडून, चित्रपटाच्या आतच, 'मी त्यांच्यातला होतो' हे वदवून घेतले. चरित्रपटांच्या इतिहासात असे फार वेळा घडलेले नाही आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे.

तरीही ते पुरेसे ठरत नाही, आणि याचे कारण ओळींच्या संख्येत नाही, त्यांच्या जागेत आहे. कबुली येते कुठे? चिनी आक्रमणावरच्या भाष्यात. हारर स्वतःच्या भूतकाळाकडे पाहतो तो समोरच्या शत्रूचे वर्णन करता करता. म्हणजे वाक्य कबुलीचे असले तरी त्याचा रोख दुसऱ्यावर आहे. ऐकणाऱ्याच्या मनात ठसते ते 'चीन नाझींसारखा आहे' हे. 'हारर नाझी होता' हे त्यात विरून जाते. शिवाय हे तो कोणा माणसाला सांगत नाही. आउफश्नायटरला नाही, दलाई लामांना नाही. मुलाबद्दलचा सल प्रसंगांतून येतो, पत्रांतून येतो, पिटच्या चेहऱ्यावर येतो. एस.एस.चा सल फक्त निवेदनात, कोणी न ऐकता, येऊन जातो. मुलाच्या प्रायश्चित्ताला पूर्ण चित्रपट मिळाला आणि एस.एस.च्या वाट्याला काही ओळी आल्या.

एक मार्ग होता असे मला वाटते, आणि त्याला नवे चित्रीकरणही फारसे लागले नसते. चित्रपटात हारर आपली जुनी वर्तमानपत्री कात्रणे, आयगरवाल्या विजयाची, पेमा ल्हाकी या तिबेटी शिंपिणीला मोठ्या अभिमानाने दाखवतो. ती त्याला सांगते, की तुमच्याकडे सगळ्यांना मागे टाकून वर जाणाऱ्याचे कौतुक. आमच्याकडे अहंकार सोडणाऱ्याचे. चित्रपटाचा गाभा मानला जाणारा हा प्रसंग. त्या विजयानंतरचे सर्वांत गाजलेले छायाचित्र कोणते होते? हिटलरच्या शेजारचे. ते छायाचित्र अस्तित्वात होते. तेच त्या कात्रणांच्या गठ्ठ्यात क्षणभर दिसले असते, तर अहंकारावरचे ते गोड बोधवाक्य एकदम जड झाले असते. प्रेक्षकाला कळले असते, की वर चढण्याचे वेड आणि ती राजवट यांचे आतून काय नाते होते.

ल्हासा धुऊन घेतले

नायकाचा भूतकाळ हलका केला तसा तिबेटचा वर्तमानही चित्रपटाने हलका केला, आणि या दोन्हींचा संबंध आहे. नायक ज्या जागेमुळे शुद्ध होणार ती जागा आधी शुद्ध असावी लागते.

१९४७ च्या वसंतात ल्हासात काय चालले होते? दलाई लामा वयात येईपर्यंत कारभार राजप्रतिनिधी पाहत. माजी राजप्रतिनिधी रेटिंग रिनपोछे यांना, तेव्हाचे राजप्रतिनिधी ताक्त्रा यांच्याविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून अटक झाली. मे महिन्यात कैदेतच त्यांचा मृत्यू झाला. रेटिंग यांच्या बाजूने सेरा मठातल्या भिक्षूंनी शस्त्रे उचलली आणि सरकारी सैन्याने मठावर तोफा डागल्या. हारर तेव्हा शहरात होता आणि त्याने हे लिहिलेही आहे. चित्रपटात याचा मागमूस नाही. राजप्रतिनिधी आहेत, डॅनी डेन्झोंगपा यांनी भारदस्तपणे उभे केलेले, पण त्यांच्या भोवतीचे राजकारण नाही. तिबेटी सत्ताधाऱ्यांतल्या या फुटीने देश किती पोखरला होता हे वगळले, की १९५० चा पाडाव फक्त एका गद्दाराच्या माथी मारता येतो.

तो गद्दार म्हणजे ङाबो ङावांग जिग्मे. पूर्व तिबेटातल्या खाम प्रांताचा गव्हर्नर म्हणून तो चामदो या शहरात होता. ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सैन्य चालून आले तेव्हा त्याच्याकडे संख्येने आणि शस्त्रांनी तोकडी फौज होती आणि ल्हासाहून ठाम आदेश मिळत नव्हते. दारूगोळ्याचा साठा उडवून तो माघारी निघाला आणि पकडला गेला. पुढे तिबेटवर चीनचा अधिकार मान्य करणाऱ्या २३ मे १९५१ च्या सतरा कलमी करारावर त्याने सही केली आणि उरलेले आयुष्य चीनच्या पदांवर काढले. त्याच्याबद्दल तिबेटी लोकांत आजही तीव्र मतभेद आहेत. चित्रपटात मात्र तो गोडबोल्या, महत्त्वाकांक्षी मित्र आहे, आणि हारर त्याला ल्हासात गाठून त्याच्या अंगावर धावून जातो. हे घडणे शक्य नव्हते. हारर नोव्हेंबर १९५० मध्ये ल्हासातून निघाला आणि मार्च १९५१ मध्ये चुंबी खोऱ्यातून सिक्कीममध्ये उतरला. ङाबो करार करून परतला तो त्यानंतर. चित्रपट आला तेव्हा ङाबो हयात होता.

चिनी सेनानी विमानाने ल्हासात उतरतात आणि भिक्षूंनी रंगीत वाळूने रेखलेले मंडल बुटांखाली तुडवतात, हाही प्रसंग रचलेला. ल्हासात तेव्हा विमानतळच नव्हता. पुढच्या काही वर्षांत तिबेटातल्या मठांचे जे झाले ते पाहता तो प्रसंग प्रतीक म्हणून खोटा नाही. पण प्रत्यक्षात चीनचा ताबा मंडल तुडवण्याच्या उद्धटपणाने आला नाही. तो करार, भेटी, पगार, पदव्या, रस्तेबांधणी या मार्गांनी, सभ्य भाषेत आला, आणि म्हणूनच तो थोपवणे कठीण गेले. हे दाखवायला आणखी हिंमत लागली असती.

आउफश्नायटरचे काय केले

सगळ्यात जास्त मला हे खटकते. आउफश्नायटर १८९९ चा, हाररपेक्षा तेरा वर्षांनी मोठा. १९२९ आणि १९३१ च्या कांचनगंगा मोहिमांत तो होता. तिबेटी भाषा त्याने आधीच शिकली होती. ती येत नसती तर दोघे चांगथांग पार करून ल्हासाला पोहोचलेच नसते. ल्हासात त्याने कालव्याचे काम केले, शहराचा पद्धतशीर नकाशा दोघांनी मिळून तयार केला. हारर गेल्यावरही तो तिबेटात राहिला, १९५२ मध्ये नेपाळला गेला, तिथे शेती-अभियंता म्हणून काम केले, नेपाळचे नागरिकत्व घेतले आणि १९७३ मध्ये वारला.

डेव्हिड थ्यूलिसने ही भूमिका फार समजूतदारपणे केली आहे. पण पटकथेने त्याला नायकाच्या तुलनेसाठी वापरले. त्या शिंपिणीशी त्याचे प्रेम आणि लग्न दाखवले, जे घडले नाही. परक्या संस्कृतीत खरोखर मुरलेला माणूस शोधायचा तर तो हा. त्याने तिथे काम केले, भाषा शिकून केले, आणि हिमालयाची साथ मरेपर्यंत सोडली नाही. हाररही ल्हासात कामच करत होता, हे चित्रपटात जेमतेम दिसते. १९४८ पासून तो तिबेट सरकारचा पगारी नोकर होता. परदेशी बातम्यांचे भाषांतर करी, छायाचित्रे काढी. नदीला पूर येऊ नये म्हणून बांधही त्याने बांधला. फावड्यात गांडूळ आले की मजुरांचे ओरडून काम थांबवणे आणि ते सुरक्षित जागी नेऊन ठेवणे, हा अनुभव त्याने या बांधाच्या कामावर घेतला. चित्रपटाने तो दलाई लामांसाठी बांधल्या जाणाऱ्या चित्रपटगृहाच्या पायाखोदाईत आणला. तिथे तो प्रसंग मजेशीर आणि हृद्य होतो, पण पूर रोखण्याची घाई आणि जीव वाचवण्याचा धर्म यांतली खरी ओढाताण निघून जाते.

ज्यांनी तो चित्रपट स्वतःचा केला

एवढे दोष काढल्यावरही मी हा चित्रपट का जवळचा मानतो, ते पडद्यावरच्या तिबेटी माणसांमुळे.

भारतात चित्रीकरणाची परवानगी मिळाली नाही, म्हणून ल्हासा उभारले गेले अर्जेंटिनात, मेंदोसा प्रांतातल्या उस्पायाता या गावाजवळ, अँडीजच्या कुशीत. तिबेटी भिक्षूंना तिथे विमानाने नेले. याक अमेरिकेतल्या मोंटानाहून आले. तिबेटातली काही दृश्ये मात्र खरी आहेत: दुसऱ्या तुकडीने ती गुपचूप टिपली होती आणि आनोने ते काही वर्षांनी उघड केले. जोडकाम इतके चोख आहे, की खरे कुठे संपते आणि अँडीज कुठे सुरू होतो ते सहज कळत नाही.

दलाई लामांच्या आईची भूमिका केली आहे जेत्सुन पेमा यांनी. त्या दलाई लामांच्या सख्ख्या बहीण, म्हणजे पडद्यावर त्या स्वतःच्याच आईच्या भूमिकेत आहेत. १९४० साली ल्हासात जन्मलेल्या, शिकण्यासाठी लहानपणीच भारतात पाठवलेल्या. मोठी बहीण त्सेरिंग डोल्मा यांच्या निधनानंतर १९६४ पासून धरमशालेतल्या तिबेटी बालग्रामची धुरा त्यांनी चार दशके सांभाळली. निर्वासित पालकांची, अनाथ झालेली हजारो मुले तिथे वाढली. १९८० मध्ये निर्वासित सरकारच्या पाहणी पथकाच्या प्रमुख म्हणून त्यांनी तिबेटातल्या शाळा पाहिल्या होत्या. म्हणजे पाडाव झालेले ल्हासा त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, आणि आता अर्जेंटिनात उभारलेल्या ल्हासात त्या आईचे दागिने घालून उभ्या होत्या. अभिनय म्हणून त्यांचे काम साधे आहे. पण हाररचे स्वागत करताना त्या ज्या सहजतेने वावरतात ती शिकवून येत नाही.

डॅनी डेन्झोंगपा यांना मराठी प्रेक्षक हिंदीतला खलनायक म्हणून ओळखतो आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा विद्यार्थी म्हणूनही. सिक्कीमच्या या बौद्ध नटाला इथे चार-दोन दृश्येच आहेत, पण पदाचे ओझे त्यांनी नुसत्या बसण्यातून दाखवले आहे. किशोर दलाई लामा झालेला जामयांग जामत्शो वांगचुक भूतानचा. त्याचे कुतूहल खरे वाटते, आणि इतिहासातले ते कुतूहल अद्भुतच होते. हाररने ल्हासात बर्फावरचे स्केटिंग सुरू केले, तिबेटी लोक त्याला सुऱ्यांवर चालणे म्हणत. पोटाला राजवाड्याच्या छतावरून दलाई लामांना ते दिसत नव्हते, म्हणून त्यांनी हाररला त्याचा चित्रपट काढून आणायला सांगितले. तिथून ओळख सुरू झाली. मग नोर्बुलिंगका या त्यांच्या उन्हाळी महालात चित्रपटगृह झाले, प्रक्षेपक जीपच्या इंजिनावर चालायचा, आणि इंग्रजी, भूगोल, विज्ञानाचे धडे सुरू झाले. दोघांचा वाढदिवसही एकच, ६ जुलै. ही मैत्री टिकली. १९९२ मध्ये दलाई लामा हाररच्या गावी, ह्यूटेनबर्गला, त्याच्या संग्रहालयात गेले होते.

नंतर

चित्रपटाने जगभरात सुमारे १३ कोटी डॉलरची कमाई केली. चीनने त्यावर बंदी घातली. त्याच वर्षी हॉलिवूडमधून तिबेटवर आणखी एक मोठा चित्रपट आला आणि संबंधित स्टुडिओंना काही काळ चिनी बाजारात अडचणी आल्या. आनो, पिट आणि थ्यूलिस यांना चीनचे दरवाजे बंद झाल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत राहिल्या. त्यानंतर मोठ्या स्टुडिओंनी तिबेटला हात लावणे जवळपास सोडून दिले.

हाररला २००२ मध्ये तिबेटच्या कार्यासाठी 'लाइट ऑफ ट्रुथ' पुरस्कार मिळाला. जानेवारी २००६ मध्ये तो ९३ व्या वर्षी गेला. १९९७ मधल्या कागदांवर त्याने जे उत्तर दिले होते त्यापलीकडे तो कधी गेला नाही. उस्पायातामध्ये चित्रपटाच्या सेटवरच्या वस्तूंनी सजवलेले एक कॅफे आहे. त्याचे नाव तिबेट.

२०१२ मध्ये आनो शांघाय चित्रपट महोत्सवाच्या परीक्षक मंडळाचा अध्यक्ष झाला. मग त्याने एका चिनी कादंबरीवर चीनमध्येच चित्रपट केला, तो २०१५ मध्ये आला. ब्रॅड पिट २०१४ मध्ये अँजेलिना जोलीच्या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी शांघायला जाऊन आला. या दोघांवर माझा राग नाही. पोटासाठी, कामासाठी माणसे तडजोड करतात. मात्र अर्जेंटिनात भिक्षू म्हणून उभे राहिलेल्या निर्वासित तिबेटींना हाररसारखे घरी परतायला ल्हासा उरले नव्हते, आणि चित्रीकरण संपल्यावर ते पुन्हा निर्वासित म्हणूनच जगायला परतले.